अडवलेले पाणी कुणाचे?

वाचकहो, आपला धाराशिव जिल्हा बालाघाटच्या डोंगरावर आणि त्याच्या उतारावर वसला आहे. तुळजापूर, येडशी, येरमाळा, भूम ही सगळी डोंगराची गावे. डोंगर फार उंच नाही. पण त्याने एक मोठी गोष्ट केली आहे. त्याने आपले पाणी दोन वाटांनी वाटून टाकले आहे.

डोंगराच्या एका अंगाला पडलेला पाऊस तेरणेत आणि मांजरेत जातो. तेथून तो गोदावरीला मिळतो. दुसऱ्या अंगाचा पाऊस सीनेत आणि बोरीत जातो. तेथून तो भीमेत आणि पुढे कृष्णेत जातो. दोन्ही वाटा शेवटी पूर्वेच्या समुद्रात संपतात. म्हणजे आपल्या घराच्या पत्र्यावर पडलेला थेंब आंध्र प्रदेशापर्यंत चालत जातो. पण आपल्याच घरच्या रांजणात तो येत नाही.

असे का होते? आणि आपण त्याचे काय करावे? आज आपण हेच शिकणार आहोत.

कधी कोरडा, कधी ओला

आपल्याकडे वर्षाला सरासरी सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. हा पाऊस कोकणासारखा भरपूर नाही. पण अगदी थोडाही नाही. खोड दुसरीच आहे. तो सांगून येत नाही. आला तर धो धो येतो, अन् गेला तर महिना महिना तोंड दाखवत नाही.

१९७२ चा दुष्काळ आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिला. त्यांनी खडी फोडली, लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या, सुकडीवर दिवस काढले. पुढे २०१२-१३ साली पुन्हा दुष्काळ पडला. गुरे छावणीत बांधावी लागली. २०१५ चा पाऊसही हुकला. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. रेल्वेच्या डब्यातून पाणी येते, ही गोष्ट आपल्या आजोबांना सांगितली असती तर ते हसले असते.

आता उलट बाजू पाहा. ऑक्टोबर २०२० मध्ये उमरगा, लोहारा, तुळजापूर या भागांत अतिवृष्टी झाली. काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये भूम, परंडा, कळंब, वाशी या भागांत पुराने कहर केला. सीनाकाठची गावे पाण्याने वेढली. माणसे छपरांवर चढून बसली. त्यांना वाचवायला हेलिकॉप्टर आले. पिके तर गेलीच. पण शेतातली मातीही वाहून गेली. पीक पुढच्या वर्षी पुन्हा येते. माती मात्र एका वर्षात परत येत नाही.

असा पाऊस पूर्वीही कधी कधी पडत होता. पण आता तो वारंवार का पडू लागला? शास्त्रज्ञ त्याचे कारण सांगतात. गेली दीडशे-पावणेदोनशे वर्षे माणसाने जगभर कोळसा, पेट्रोल आणि डिझेल जाळले. त्यातून निघणारा कर्बवायू आकाशात साठला. तो उन्हाची ऊब बाहेर जाऊ देत नाही; गोधडीसारखा पृथ्वीवर पसरून राहतो. त्यामुळे पृथ्वी एका अंशाहून जास्त तापली आहे. हवा एक अंशाने तापली की तिच्यात शंभराला सात हिस्से जास्त वाफ मावते. ही जास्तीची वाफ जेव्हा कोसळते, तेव्हा एका दिवसात महिन्याचा पाऊस पडतो. मग मधले दिवस कोरडे जातात.

ही गोधडी आपल्या एका गावाला काढता येणार नाही. ते काम साऱ्या जगाचे आहे, आणि ज्यांनी जास्त जाळले त्यांनी ते आधी करायला हवे. पण पडलेला पाऊस आपल्या शिवारात थांबवणे हे आपल्या हातात आहे. चालणारे पाणी गावाच्या उपयोगी पडते. धावणारे पाणी माती घेऊन पळते. म्हणून धावणाऱ्या पाण्याला चालायला लावायचे, चालणाऱ्याला थांबवायचे, आणि थांबलेल्याला जमिनीत मुरवायचे. दुष्काळावरही हेच औषध, आणि पुरावरही बऱ्याच अंशी हेच.

नळदुर्गचा धडा

पाणी अडवणे ही विद्या आपल्याला नवी नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात जाऊन पाहा. तेथे बोरी नदीवर दगडी बंधारा बांधला आहे. त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा याच्या काळात, १६१३ साली हे काम झाले. चारशे वर्षे उलटली, पण बंधारा उभा आहे.

त्या बंधाऱ्यात एक शहाणपण आहे. जास्तीचे पाणी बाहेर जाण्यासाठी त्याला वाट ठेवलेली आहे. पावसाळ्यात त्याच वाटांनी पाणी उडी घेते, आणि आपण ते नर-मादी धबधबे पाहायला जातो. पाण्याला अडवावे, पण कोंडू नये. ज्या बांधाला सांडवा नाही, तो बांध पहिल्या मोठ्या पावसात फुटतो आणि खालच्या शेताचे वाटोळे करतो. शेतात बांध घालताना ही गोष्ट विसरू नये.

राजाने बंधारा बांधला, कारण त्याच्याकडे खजिना होता. गावाकडे काय आहे? गावाकडे हात आहेत. म्हणतात ना, गाव करील ते राव काय करील!

हातांची स्पर्धा

२०१६ साली पानी फाउंडेशन या संस्थेने सत्यमेव जयते वॉटर कप नावाची गावांची स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी तीन तालुके होते. २०१७ साली तीस झाले. त्यांत आपल्या जिल्ह्यातले कळंब, भूम आणि परंडा हे तालुके होते. ८ एप्रिलला काम सुरू करायचे आणि २२ मेला थांबवायचे. एवढ्या पंचेचाळीस दिवसांत जे गाव पाणलोटाचे काम सर्वांत चांगले करील, त्याला बक्षीस.

गावातली काही माणसे आधी शिकून आली. त्यांत बायाही होत्या. मग भर उन्हाळ्यात, ऊन चढायच्या आत, गावे कुदळ-फावडे-घमेले घेऊन माळावर जाऊ लागली. २०१७ चा पहिला क्रमांक वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातील काकडदरा या लहानशा आदिवासी गावाने पटकावला. २०१९ साली पहिला क्रमांक आपल्या शेजारच्या बार्शी तालुक्यातील सुर्डी गावाला मिळाला. म्हणजे मोठे गाव, पैसेवाले गाव, सडकेवरचे गाव असेच पुढे येते, असे काही नाही.

काम कसे करतात, हे आता थोडक्यात पाहू.

पहिला नियम असा : काम माथ्यापासून सुरू करावे आणि पायथ्याकडे यावे. पाणी वरून येते. वर त्याला अडवले नाही, तर खाली त्याचा जोर आवरत नाही. पुष्कळ ठिकाणी यंत्र आणून नुसता नाला खोल करतात. ते दिसायला मोठे दिसते. पण वरचा माळ उघडा राहिला तर तो खोल नाला दोन पावसाळ्यांत गाळाने भरतो. शिवाय नाला फार खोल खणला, तर आजूबाजूच्या विहिरींचे पाणी झिरपून नाल्यात उतरते. मग नाला भरलेला आणि विहीर आटलेली, असा उलटा प्रकार होतो.

दुसरा नियम असा : माळावरचा चर समपातळीत हवा. चर एका बाजूला उतरता झाला, तर तो चर राहत नाही. तो पाट होतो. पाणी त्यातून पळून जाते.

समपातळी कशी काढावी? त्याला महागडे यंत्र लागत नाही. दोन सारख्या लांबीच्या काठ्या घ्या. त्यांची वरची टोके एकत्र बांधा आणि खालची टोके फाकवा. मध्ये एक आडवी काठी बांधा. वरच्या गाठीतून दोरीला दगड बांधून सोडा. हा झाला गवंड्याचा ओळंबा. आता चौकट जमिनीवर उभी करा. दोरी आडव्या काठीला जेथे टेकते, तेथे खूण करा. मग चौकट फिरवून पायांची अदलाबदल करा आणि दुसरी खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मधोमध तिसरी खूण करा. दोरी या तिसऱ्या खुणेवर आली, की दोन्ही पाय समपातळीत आले असे समजावे. एक पाय तेथेच ठेवायचा, दुसरा पुढे फिरवायचा, दोरी खुणेवर आली की तेथे चुन्याची फक्की टाकायची. असे करत करत सगळ्या डोंगराला पांढरी रेघ मारता येते. त्या रेघेवर चर खणायचा.

चराची माती उताराच्या खालच्या अंगाला टाकावी. तिच्यावर गवत पेरावे, झाडे लावावीत. राज्यात सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत आपला जिल्हा मोडतो. झाड लावायला माळ पुष्कळ आहे. पण नुसते लावून झाड जगत नाही. चराशेजारच्या झाडाला ओल मिळते, म्हणून ते तग धरते. मात्र निदान दोन-तीन वर्षे शेळ्या-मेंढ्या तेथे सोडायच्या नाहीत, असे गावाने ठरवले पाहिजे.

हिशेब मांडू या

आता पाटी घ्या. हिशेब सोपा आहे.

एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर जागेवर पडला, तर एक लिटर पाणी होते. एका हेक्टरमध्ये दहा हजार चौरस मीटर असतात. म्हणजे एक मिलिमीटर पावसाने एका हेक्टरवर १०,००० लिटर पाणी पडते. एक टँकरच म्हणा ना!

आपल्या गावाचे शिवार १,००० हेक्टर आहे असे धरू. पाऊस ६०० मिलिमीटर धरू. तर वर्षात गावावर ६ लाख टँकर पाणी पडते. लिटरमध्ये सांगायचे तर ६०० कोटी लिटर.

गावात २,००० माणसे आहेत. माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले, तर रोज १ लाख १० हजार लिटर लागतात. वर्षाला झाले सुमारे ४ कोटी लिटर. पडतात ६०० कोटी, लागतात ४ कोटी. मग चैत्रात टँकर कशाला येतो?

कारण उघड आहे. पडलेल्या पाण्यातले बरेचसे ऊन पिऊन टाकते. काही मातीत ओल म्हणून राहते आणि पिके ती घेतात. काही ओढ्याने वाहून जाते. जमिनीत खोल मुरते ते थोडेच. आपल्या पायाखाली काळा खडक आहे. पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. म्हणून शंभरातले दहा हिस्से मुरतात असे ढोबळ मानाने धरू. म्हणजे ६० कोटी लिटर. आपल्या विहिरींची आणि बोअरची ठेव ती एवढीच. बँकेत जेवढे ठेवले तेवढेच काढता येते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आता श्रमदानाचा हिशेब करू. चर ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल आहे. तर एक मीटर लांबीच्या चरात १८० लिटर पाणी मावते. पन्नास माणसांनी रोज सकाळी मिळून १०० मीटर चर खणला, तर पंचेचाळीस दिवसांत ४,५०० मीटर झाला. त्यात एका वेळी ८ लाख १० हजार लिटर पाणी मावते. पावसाळ्यात तो सहा वेळा भरला आणि मुरला, तर ४८ लाख ६० हजार लिटर पाणी जमिनीत गेले. केवढी कमाई! सगळ्या गावाला जवळजवळ दीड महिना पिण्याला आणि वापराला पुरेल एवढे पाणी पन्नास माणसांनी कमावले.

पण पाटी पुसू नका. हिशेबाची दुसरी बाजू राहिली आहे.

उसाला वर्षाला साधारण २,००० मिलिमीटर पाणी लागते. पावसाचा हिस्सा वजा केला, तरी पाटाने पाणी देताना हेक्टरी सुमारे दीड कोटी लिटर पाणी जमिनीतून उपसावे लागते. एकराला झाले साठ लाख लिटर. म्हणजे पन्नास माणसांनी पंचेचाळीस दिवस गाळलेला घाम एक एकर उसालाही पुरत नाही.

आणखी पुढे चला. गावाची ठेव ६० कोटी लिटर. हेक्टरी दीड कोटी. तर चाळीस हेक्टर, म्हणजे शंभर एकर ऊस गावाचे मुरलेले सगळे पाणी पिऊन टाकतो. हजार हेक्टरच्या गावात चाळीस हेक्टर. बाकीच्या नऊशे साठ हेक्टरांना काय राहिले? घागरीला काय राहिले?

हा हिशेब ढोबळ आहे. प्रत्येक गावाची माती वेगळी, उतार वेगळा. पण त्यातून एक गोष्ट पक्की समजते. पाणी अडवणे हे अर्धेच काम आहे. पाणी वाटून घेणे हे राहिलेले अर्धे काम. पहिल्या कामाला कुदळ लागते. दुसऱ्याला धीर लागतो.

घाम कुणाचा, पाणी कुणाचे

चर भरले, ओढा थांबला, विहिरींना पाणी चढले. गावाला आनंद झाला. पुढे काय होते? ज्याच्या विहिरीला पाणी चढले, तो मोटार लावतो. शेजारी पाहतो आणि बोअर घेतो. दोनशे फुटांवर पाणी लागले नाही, तर चारशे, मग सहाशे. फेब्रुवारी उजाडेपर्यंत डोंगरावर अडवलेले पाणी शिवारात संपते. मग ज्या बाईने माळावर कुदळ मारली, तीच बाई टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी राहते. तिला शेत नाही, विहीर नाही. तिच्या वाट्याला पाण्यातले काय आले?

अशा गावाची ग्रामसभा डोळ्यांसमोर आणा.

एक बागायतदार म्हणतो, "विहीर माझी, मोटार माझी, बिल मी भरतो. मला कुणाची मनाई?"

मजुरी करणारी एक बाई उठते. ती म्हणते, "आबा, विहीर तुमचीच हाय. पण डोंगरावर कुदळ माझी बी व्हती. तुमच्या विहिरीत चढलेलं पाणी काय तुमच्या बांधावर पडलं व्हतं?"

बागायतदार जरा वेळ गप्प बसतो. मग म्हणतो, "अक्का, खरंय. पण उसाला कारखाना हाय. भाव बांधलेला हाय. सोयाबीन पिकवलं तर भावाची हमी मला कोण देतं?"

वाचकहो, दोघांचेही म्हणणे ऐकण्यासारखे आहे. ऊस लावणारा गावाचा वैरी नाही. ज्या पिकाचे पैसे हातात येतात, ते पीक माणूस लावतो. पण पाणी जमिनीखाली कुणाचा बांध ओळखत नाही. एकाने उपसले की दुसऱ्याचे खाली जाते. म्हणून ज्याची त्याची मर्जी असे म्हणून भागणार नाही. सगळ्यांनी मिळून नियम केला, आणि सगळ्यांनी थोडे थोडे सोडले, तरच नियम टिकतो.

असे नियम केलेली गावे महाराष्ट्रात आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे या इंजिनियराने पाणी पंचायतीचा प्रयोग केला. त्यांचा नियम साधा होता. पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यायचे नाही. घरातल्या माणसांच्या प्रमाणात द्यायचे. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. भूमिहीनालाही हिस्सा. ऊस लावायचा नाही. खर्चातला पाचवा हिस्सा सभासदांनी भरायचा. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्यावर हक्क आहे, ही गोष्ट त्या माळावर प्रत्यक्षात आली.

दुसरे गाव अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार. तेथे पाऊस आपल्याहूनही कमी. १९८९ पासून पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने गावाने श्रमदान केले, झाडे राखली, मोकाट चराई बंद केली. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस आणि केळी लावायची नाहीत, असे ठरवले. तेथे पाऊस मोजतात, विहिरींची पातळी पाहतात, आणि मग ग्रामसभेत बसून यंदा कोणती पिके घ्यायची ते ठरवतात. याला पाण्याचा ताळेबंद म्हणतात. जशी जमा, तसा खर्च. पानी फाउंडेशननेही वॉटर कपनंतर २०२० साली समृद्ध गाव स्पर्धा सुरू केली, तेव्हा तीत पाण्याच्या ताळेबंदाला स्थान दिले. नुसते खणून भागत नाही, हे सगळ्यांच्याच ध्यानात आले होते.

कायदाही हेच सांगतो. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा खोल बोअर घेण्यास मनाई केली आहे. पण कायदा मुंबईत लिहिला जातो आणि बोअरची गाडी रात्री गावात येते. तिला वेशीवर थांबवण्याचे काम गावाचेच आहे.

बायकांचे एक एकर

आपल्या जिल्ह्यातली एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने लातूरबरोबर आपल्याही जिल्ह्यातली, उमरगा-लोहारा भागातली गावे जमीनदोस्त झाली. त्या पडझडीतून घरे पुन्हा उभी करताना गावोगावच्या बाया पुढे आल्या. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या प्रेमा गोपालन यांनी स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था उभी केली. पुढे दुष्काळ वाढले, तेव्हा या बायांनी शेतीकडे लक्ष वळवले.

त्यांनी घरात काय मागितले? अर्धा एकर, नाहीतर एक एकर. "एवढ्या तुकड्यात काय पेरायचं ते आम्ही ठरवू," असे त्या म्हणाल्या. तेथे त्यांनी ज्वारी-बाजरी, डाळी, भाजीपाला अशी थोडी थोडी पुष्कळ पिके घेतली. शेणखत, गांडूळखत घातले. पाणी थोडेच दिले. एक पीक गेले तरी दुसरे हाती लागते. बाजार पडला तरी घरचे ताट भरलेले राहते. या कामाबद्दल संस्थेला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक मिळाले.

यात आपल्यासाठी काय धडा आहे? पाणी वाचवणे म्हणजे उपाशी राहणे नव्हे. रब्बी ज्वारी आणि हरभरा बऱ्याच अंशी जमिनीच्या ओलीवर येतात. आपला मुलूख ज्वारीचाच होता. आणि दुसरा धडा असा की, घागर ज्यांच्या डोक्यावर असते, त्यांना पाण्याच्या सभेत बोलू द्यावे. घरात पाणी किती लागते हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक?

गावाने काय करावे

आम्हाला वाटते, गावाने पुढील गोष्टी कराव्यात.

१. उन्हाळ्यात श्रमदान करावे. काम माथ्यापासून करावे. मोठे काम रोजगाराच्या सरकारी योजनेतून मागावे, म्हणजे हातावर पोट असलेल्याची मजुरी बुडणार नाही.

२. शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक बसवावा. रोजचा पाऊस मुलांनी फळ्यावर लिहावा.

३. गावातल्या निवडक विहिरींची पातळी दोरी सोडून मोजावी. दसऱ्याच्या सुमारास एकदा, संक्रांतीला एकदा, पाडव्याला एकदा.

४. दसऱ्यानंतर ग्रामसभा घ्यावी. जमा किती आणि खर्च किती, ते सगळ्यांसमोर मांडावे. आधी घागर, मग गुरेढोरे, मग शिवार, हा क्रम मोडू नये.

५. ऊस किती लावायचा त्याची मर्यादा ठरवावी. जो लावील त्याने ठिबकनेच पाणी द्यावे. मर्यादा मोठ्याला आणि लहानाला सारखीच लागू असावी. सरपंचाच्या शेतापासून सुरुवात केली तर उत्तम.

६. नवे बोअर घ्यायचे नाही, असा ठराव करावा. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीजवळ तर मुळीच नाही.

७. ज्याला शेत नाही त्याचाही वाटा ठरवावा. तळ्यातली मासेमारी, माळावरचे गवत, झाडांची राखण, यातले उत्पन्न आधी भूमिहीन घरांना मिळावे. ज्याचा घाम, त्याचा वाटा.

हे सगळे एका वर्षात होणार नाही. भांडणे होतील. रागाने कुणी सभेतून उठूनही जाईल. त्याला पुढच्या सभेचे बोलावणे सर्वांत आधी पाठवावे. कारण पाणी त्याच्याही विहिरीतून जाते, आणि तहान त्याच्याही घरात आहे.

शब्दांचे अर्थ

पाणलोट : ज्या भागातले सगळे पाणी एकाच ओढ्याला येऊन मिळते तो भाग.
समपातळी : ज्या रेघेवर कोणतीच जागा उंच किंवा सखल नाही ती.
ओळंबा : दोरीला वजन बांधून सरळपणा पाहण्याचे साधन.
सांडवा : जास्तीचे पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेली वाट.
उपसा : विहिरीतून किंवा बोअरमधून पाणी काढणे.
ताळेबंद : जमा आणि खर्च यांचा मेळ.

प्रश्न

१. आपल्या गावाचे पाणी कोणत्या ओढ्याने कोणत्या नदीला मिळते? पुढे ते गोदावरीत जाते की कृष्णेत?
२. काम माथ्यापासून का सुरू करावे?
३. बांधाला सांडवा नसेल तर काय होते?
४. बागायतदार आणि मजूर बाई यांच्या म्हणण्यात तुम्हाला काय पटले? दोघांपैकी एकाची बाजू घेऊन पाच ओळी लिहा. मग दुसऱ्याची बाजू घेऊन पाच ओळी लिहा.

हिशेब करा

तुमच्या घरात माणसे किती? माणशी रोज ५५ लिटर धरून वर्षाला किती लिटर पाणी लागेल? घराच्या छपराची लांबी आणि रुंदी मीटरमध्ये मोजा. दोन्हींचा गुणाकार करा. ६०० मिलिमीटर पावसात त्या छपरावर किती लिटर पाणी पडेल? त्यातले आज किती लिटर तुम्ही साठवता?

करून पाहा

दोन काठ्या, एक आडवी काठी, दोरी आणि दगड घेऊन चौकट बनवा. वर्गातल्या सर्वांनी मिळून गावाजवळच्या उतारावर शंभर पावलांची समपातळीची रेघ मारा. पहिला पाऊस पडला की तेथे जाऊन पाणी कोठे थांबते ते पाहा, आणि पुढच्या वर्गात सर्वांना सांगा.